शाकंभरी नवरात्र : अर्थ, उपासना आणि यात्राधर्म

पौष मासात विवाहादी मंगलकार्ये करण्याची रूढी नाही. त्यामुळे हा महिना उत्सवाच्या दृष्टीने रिकामा असल्याचा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः देवी उपासकांच्या दृष्टीने पौषाचा शुद्ध पक्ष आश्विनाइतकाच महत्त्वाचा आहे. याच पक्षात शाकंभरी देवीचे नवरात्र येते आणि त्याची सांगता पौष पौर्णिमेस, म्हणजेच शाकंभरी पौर्णिमेस होते. पाचगणीच्या पठारावरून उत्तरेकडे पाहिले असता कृष्णेचे खोरे, धोम धरणाचा जलाशय आणि त्यापलीकडे वाईच्या माथ्यावरची डोंगररांग दृष्टीस पडते. त्या डोंगररांगेत मांढरदेव येथे श्री काळेश्वरी देवीची, म्हणजेच काळूबाईची यात्रा याच पौर्णिमेस भरते. पाचगणीचे ग्रामदैवत श्री घाटजाईच्या दर्शनास येणारे अनेक भाविक पसरणी घाटाने वाईस उतरून पुढे मांढरदेवास जातात. अशा सर्वांना या नवरात्राचा अर्थ, त्यातील पूजाविधी आणि यात्रेतील आचरण यांची एकत्रित माहिती व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख दिला आहे.

१. काल आणि तिथी

शाकंभरी नवरात्राचा आरंभ पौष शुद्ध अष्टमीस होतो व समाप्ती पौर्णिमेस होते. अष्टमी ते पौर्णिमा या तिथी मोजल्या तर त्या आठच भरतात. मग यास नवरात्र का म्हणावे, अशी शंका अनेकांना येते. येथे 'नवरात्र' हा शब्द दिवसांची संख्या दाखविण्यापेक्षा एका विशिष्ट व्रताचे नाव म्हणून आलेला आहे. आश्विनातदेखील तिथीची वृद्धी वा क्षय झाल्यास नवरात्राचे दिवस दहा किंवा आठ होतात, तथापि व्रताचे नाव बदलत नाही.

पौर्णिमा चांद्र तिथी असल्यामुळे इंग्रजी दिनांक दरवर्षी पुढेमागे होतो. सन २००५ मध्ये ही पौर्णिमा २५ जानेवारीस होती, २०२५ मध्ये १३ जानेवारीस आणि २०२६ मध्ये ३ जानेवारीस आली. सुमारे १९ वर्षांनी चांद्र तिथी व सौर दिनांक पुन्हा जुळतात. म्हणूनच २००५ प्रमाणे २०२४ मध्येही शाकंभरी पौर्णिमा २५ जानेवारीसच होती. भाविकांनी मागील वर्षाच्या दिनांकावर विसंबून न राहता पंचांग पाहूनच प्रवास ठरवावा. याच पौर्णिमेपासून माघस्नानाचा आरंभ होतो.

२. नावाची कथा

'शाक' म्हणजे भाजीपाला आणि 'भरी' म्हणजे भरण करणारी, पोसणारी. भाजीपाल्याने जगाचे पोषण करणारी ती शाकंभरी. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्यात, म्हणजेच सप्तशतीच्या अकराव्या अध्यायात, देवी स्वतःच्या भावी अवतारांविषयी देवांना सांगते. त्यात असे कथन आहे की, पृथ्वीवर शंभर वर्षे पाऊस पडणार नाही, तेव्हा मुनींनी स्तवन केल्यावर ती प्रकट होईल आणि शंभर नेत्रांनी त्यांच्याकडे पाहील. म्हणून तिला शताक्षी म्हणतील. पुढे पर्जन्य येईपर्यंत ती आपल्याच देहातून उत्पन्न झालेल्या शाकांनी सर्व लोकांचे प्राणधारण करील. म्हणून तिला शाकंभरी म्हणतील. त्यानंतर दुर्गम नावाच्या असुराचा वध केल्याने तिला दुर्गा हे नाव प्राप्त होईल.

देवीभागवताच्या सातव्या स्कंधात हीच कथा विस्ताराने आली आहे. दुर्गमाने तपश्चर्या करून ब्रह्मदेवाकडून वेद मिळविले. त्यामुळे ऋषींना वेदांचे विस्मरण झाले, यज्ञ थांबले, देवांना हविर्भाग मिळेना आणि पर्जन्य बंद झाला. विहिरी, तलाव, नद्या आटल्या. घरोघरी प्राणहानी होऊ लागली. तेव्हा ऋषींनी हिमालयात देवीची आराधना केली. देवी प्रकट झाली ती अनंत नेत्रांनी युक्त अशा रूपात, हातांत धनुष्यबाणांबरोबर कमळ, फुले, फळे, मुळे व भाज्या घेऊन. लोकांची दशा पाहून तिच्या नेत्रांतून नऊ अहोरात्र अश्रुधारा वाहिल्या व त्या जलाने नद्या पुन्हा वाहू लागल्या. मग तिने स्वहस्ते भाज्या व फळे भुकेल्यांना दिली, पशूंना चारा दिला आणि त्यानंतरच असुराशी युद्ध आरंभिले.

कथेतील हा क्रम ध्यानी घेण्यासारखा आहे. देवीच्या अन्य अवतारकथांत असुरवध हे मुख्य कार्य असते. येथे मात्र देवी प्रथम पाहते, मग रडते, मग खाऊ घालते आणि शस्त्र सर्वांत शेवटी उचलते. संकटात सापडलेल्या जीवाचे रक्षण ही या देवीची पहिली ओळख आहे. या नवरात्रातील प्रत्येक विधीचा अर्थ लावताना आणि यात्रेत कसे वागावे हे ठरविताना हीच ओळख प्रमाण मानावयास हवी.

महाराष्ट्रास दुष्काळाची कथा परकी नाही. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वर येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण व खटाव हे तालुके अवर्षणग्रस्त म्हणून ओळखले जातात. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत यांचीही तीच स्थिती आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, सन १३९६ पासून बारा वर्षे टिकल्याचे सांगितले जाते तो दख्खनचा भीषण दुष्काळ इतिहासात 'दुर्गादेवीचा दुष्काळ' या नावानेच प्रसिद्ध आहे. १९७२ चा दुष्काळ तर आजच्या वडीलधाऱ्यांनी स्वतः सोसलेला आहे. अशा प्रदेशातील लोकांना अन्न व पाणी देणारी देवी आपली वाटली, यात नवल नाही.

३. 'शाक' या शब्दाची व्याप्ती

आपण भाजी म्हणतो त्यापेक्षा 'शाक' ही संज्ञा व्यापक आहे. प्राचीन परंपरेत शाकाचे दहा प्रकार मानले आहेत: मूळ, पाने, कोंब, शेंडे, फळ, देठ वा खोड, अंकुरलेले बी, साल, फूल आणि अळंबी. या यादीकडे पाहिले तर वनस्पतीचा एकही भाग निरुपयोगी नाही, हा विचार त्यामागे दिसतो.

घरच्या स्वयंपाकात हे बहुतेक प्रकार आजही आढळतात. मूळ म्हणजे मुळा, गाजर, रताळे. पाने म्हणजे मेथी, पालक, चाकवत, करडई. शेंडे म्हणजे हरभऱ्याचे खुडलेले कोवळे तुरे. फळ म्हणजे वांगी, भोपळा, दोडका, घेवडा. देठ म्हणजे अळूची देठी. अंकुर म्हणजे मोड आलेली मटकी व मूग. सालीचे उदाहरण म्हणजे दोडक्याच्या शिरांची चटणी. फूल म्हणजे केळफूल व शेवग्याची फुले. पौषात रब्बीची शिवारे हिरवी असतात आणि मळे भाज्यांनी भरलेले असतात. पाचगणी-महाबळेश्वरच्या लाल मातीत याच दिवसांत गाजर, मुळा, वाटाणा, घेवडा यांच्याबरोबर स्ट्रॉबेरीचाही हंगाम असतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस सन २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. देवीस हंगामातील फळ अर्पण करण्याची रीत असल्याने हे फळ नैवेद्यात ठेवण्यास कोणतीही हरकत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीस, घरोघरी होणारी मिश्र भाजी हीदेखील याच ऋतूच्या समृद्धीची साक्ष आहे.

४. घरी करावयाचे नवरात्र

ज्यांची कुलस्वामिनी बनशंकरी वा शाकंभरी आहे, त्या कुळांत हे नवरात्र कुलाचार म्हणून असते. इतरांनीही ते श्रद्धेने करण्यास प्रत्यवाय नाही. कुलाचारानुसार तपशिलात भेद असतो. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे आहे.

स्थानशुद्धी व संकल्प : अष्टमीस प्रातःकाळी स्नान करून देवघर स्वच्छ करावे. आचमन, प्राणायाम करून संकल्प करावा. संकल्पात आपण काय करणार आहोत ते स्पष्ट बोलावयाचे असते. म्हणून झेपेल तेवढाच संकल्प करावा. आठही दिवस उपवास करणे प्रकृतीस मानवणारे नसेल, तर पहिला व शेवटचा दिवस किंवा केवळ एकभुक्त राहण्याचा नियम धरावा.

गणेशपूजन व घटस्थापना : प्रथम गणेशाचे पूजन करावे. परडीत अथवा पत्रावळीवर स्वच्छ माती पसरून त्यात गहू वा अन्य धान्य पेरावे. मध्यभागी कलश ठेवून त्यात जल, गंध, अक्षता, सुपारी व नाणे घालावे, वर विड्याची वा आंब्याची पाने व श्रीफळ ठेवावे. कलशापुढे देवीचा टाक वा प्रतिमा ठेवून पूजा करावी. माती, पाणी आणि बी या तीन गोष्टींनीच घट पूर्ण होतो. दुष्काळात नाहीशी होणारी आणि देवीच्या कृपेने परत येणारी संपत्ती तीच आहे.

नंदादीप : नवरात्र संपेपर्यंत दिवा अखंड तेवत ठेवावा. दिव्याभोवती काच असावी आणि पडदे, कापूस, तेलाची बाटली जवळ नसावी. रात्री घरात कोणी जागे राहू शकत नसेल, तर दिवा शांत करून प्रातःकाळी पुन्हा प्रज्वलित केल्यास व्रतभंग झाला असे मानून मनास लावून घेऊ नये.

माळ व पाठ : प्रतिदिनी घटावर फुलांची एक माळ चढवावी. सप्तशतीचे तेरा अध्याय आठ दिवसांत विभागून वाचता येतात. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी अकरावा अध्याय तरी मराठी अर्थासह वाचावा, कारण शाकंभरीची मूळ कथा त्यातच आहे. सायंकाळी आरती करावी.

कुमारिका व सुवासिनी पूजन : नवरात्रात एक दिवस कुमारिकेस व सुवासिनीस बोलावून ओटी भरावी व भोजन द्यावे. विधवा भगिनीस वगळण्याची जुनी रूढी या देवीच्या कथेशी सुसंगत नाही. जिने शंभर डोळ्यांनी सर्वांकडे पाहिले, तिच्या पंक्तीत कोणास ताट नाकारावे?

समाप्ती : पौर्णिमेस महापूजा, शक्य असल्यास होम व पूर्णाहुती करावी. नैवेद्य दाखवून घटाचे उत्थापन करावे. उगवलेले अंकुर प्रथम देवीस वाहून मग प्रसाद म्हणून घ्यावेत. घटातील माती व निर्माल्य नदीत न टाकता परसात किंवा कुंडीत घालावे.

५. नैवेद्य आणि अन्नदान

पौर्णिमेच्या नैवेद्यात जास्तीत जास्त भाज्या असाव्यात, असा प्रघात आहे. काही कुटुंबांत साठ भाज्या करण्याची परंपरा आहे. कर्नाटकात बनशंकरीच्या उत्सवात एकशे आठ प्रकारचे शाकपदार्थ अर्पण केले जातात. संख्या पूर्ण करणे प्रत्येकास साधणारे नसते. अशा वेळी मिळतील त्या सर्व भाज्या एकत्र करून एकच भाजी केली तरी नैवेद्य पूर्ण होतो. साठ भाज्या करून त्यातील निम्म्या वाया जाणे मात्र या व्रतास सर्वथा अनुचित होय.

नैवेद्यानंतरचे अन्नदान हा या उत्सवाचा खरा कळस आहे. कथेत देवीने अन्न दिले ते प्रथम भुकेल्यांना, आणि पशूंनाही. त्यास अनुसरून अनेक ठिकाणी पौर्णिमेस महाप्रसाद होतो. घरी नवरात्र करणाऱ्यांनी किमान एका गरजू व्यक्तीस भोजन व एका गायीस हिरवा चारा देण्याचा नियम ठेवावा. शेतमजूर, हमाल, भाजी विकणाऱ्या महिला यांच्यापैकी कोणास पौर्णिमेच्या भोजनास बोलाविणे, हे या देवीच्या उपासनेस विशेष शोभणारे आहे.

६. या नवरात्राची प्रमुख स्थाने

महाराष्ट्रातील अनेक कुळांची कुलस्वामिनी असलेली बनशंकरी कर्नाटकातील बदामीजवळ आहे. चालुक्यांच्या काळापासून या स्थानाची ख्याती असून सध्याचे मंदिर सन १७५० मध्ये परशुराम आगळे या मराठा सरदाराने बांधल्याचे सांगितले जाते. मंदिरासमोर हरिद्रातीर्थ हा मोठा तलाव आहे. पौष पौर्णिमेच्या सुमारास तेथे रथोत्सव व मोठी यात्रा भरते.

तुळजापूर येथे श्री तुळजाभवानीची आश्विनातील व पौषातील अशी दोन नवरात्रे मोठ्या प्रमाणावर साजरी होतात. प्रत्येक नवरात्रापूर्वी देवीची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेली जाते. आश्विनापूर्वीची ती घोरनिद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोहनिद्रा, अशी या निद्रांची नावे आहेत. निद्रेनंतर देवी पुन्हा सिंहासनारूढ होते व घटस्थापना होते. या काळात देवीच्या विविध अलंकार महापूजा बांधल्या जातात. जलयात्रा हा या नवरात्राचा विशेष होय. डोक्यावर जलकुंभ घेतलेल्या शेकडो सुवासिनी व कुमारिका वाजतगाजत मंदिरात येतात. अवर्षण संपवून नद्या वाहत्या करणाऱ्या देवीच्या उत्सवात पाण्याची मिरवणूक असावी, हे अत्यंत समर्पक आहे.

७. मांढरदेवची काळूबाई

मांढरदेव हे वाई तालुक्यातील डोंगरमाथ्यावरील गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंचीवर आहे. वाईहून घाटरस्त्याने ते सुमारे २० किलोमीटर अंतरावर असून भोरच्या बाजूनेही रस्ता आहे. मांडव्य ऋषींनी येथे यज्ञ आरंभिला, लाख्यासुर नावाचा दैत्य त्यात विघ्ने आणू लागला आणि ऋषींच्या प्रार्थनेवरून देवीने पौष पौर्णिमेच्या रात्री त्याचा वध केला, अशी स्थानिक परंपरा आहे. ऋषींच्या नावावरूनच गावास हे नाव पडल्याचे सांगतात. देवीस चांदीचे मुखवटे व रेशमी वस्त्रे परिधान करवितात. परंपरागत सेवेकरी असलेल्या गुरव घराण्यातील मंडळी पाळीपाळीने पूजाअर्चा करतात व उत्सवात मुखवट्यांची मिरवणूक निघते.

चतुर्दशीच्या रात्री देवीचा जागर होतो. पौर्णिमा हा यात्रेचा मुख्य दिवस असून दुसऱ्या दिवशीही यात्रा चालू असते. सातारा, पुणे, सांगली, सोलापूर, मुंबई येथून लाखो भाविक या काळात येतात. पौर्णिमेनंतरच्या दिवसांतही दर्शनार्थींची रीघ चालू असते, शिवाय वर्षभर मंगळवारी, शुक्रवारी व अमावास्या-पौर्णिमेस भाविक येतच असतात. देवीचा स्वतःचा नैवेद्य पुरणपोळी व दहीभात हा आहे, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी.

८. दिनांक २५ जानेवारी २००५

त्या वर्षीची शाकंभरी पौर्णिमा मंगळवारी, म्हणजे देवीच्या वारी आली होती. सुमारे तीन लाख भाविक डोंगरावर आल्याचा अंदाज होता. मंदिराकडे जाणारी वाट चढाची, अरुंद आणि दोन्ही बाजूंनी दुकानांनी वेढलेली होती. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने व तेलाने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले. या दुर्घटनेत अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. राज्य शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला.

त्यानंतर यात्रेच्या व्यवस्थेत मोठे बदल झाले. दर्शनरांगेसाठी अडथळे व स्वतंत्र मार्ग, वाहनतळ, वैद्यकीय पथके, अग्निशमन आणि पोलीस बंदोबस्त यांचे नियोजन दरवर्षी जिल्हा प्रशासन आधीपासून करते. पशुबळी, मंदिर परिसरात नारळ फोडणे व तेल वाहणे, वाद्ये वाजविणे यांस मनाई केली जाते. झाडांना खिळे ठोकणे, काळ्या बाहुल्या, लिंबे व बिब्बे टांगणे यांसही प्रतिबंध असतो. सन २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदाही लागू आहे. २०२१ च्या पौषात कोविडच्या महासाथीमुळे यात्रा भरली नाही, तेव्हा भाविकांनी घरीच नैवेद्य दाखवून नमस्कार केला. त्या वर्षीची सेवा देवीस पोहोचली नाही, असे कोणीही श्रद्धावान म्हणणार नाही.

या नियमांविषयी काही भाविकांच्या मनात अद्याप किंतु असतो. परंपरेत हस्तक्षेप झाला, अशी त्यांची भावना असते. म्हणून या नियमांचा धर्मदृष्ट्या विचार करणे आवश्यक आहे.

९. नियम आणि धर्म

पशुबळी : मांढरदेव येथे पूर्वी दिला जाणारा बळी हा देवीच्या परिवारातील गणांसाठी असल्याचे सांगितले जात असे. देवीच्या ताटात तो कधीच नव्हता. शास्त्रानेही बळीच्या जागी कोहळा अर्पण करण्याचा पर्याय फार पूर्वीपासून दिलेला आहे व होमहवनात तो सर्वत्र पाळला जातो. कोहळा हेही एक शाकच आहे. ज्या पौर्णिमेस देवी भाजीपाला घेऊन प्रकटली, त्या पौर्णिमेस शाकाचाच बळी देणे अधिक सयुक्तिक होय.

नारळ : श्रीफळ फोडलेच पाहिजे असे नाही. ओटीतील नारळ अखंडच असतो. तो देवीच्या चरणी लावून प्रसादरूपाने घरी न्यावा व घरी फोडून सर्वांस वाटावा. अर्पणाचा भाव मनात असतो. पायऱ्यांवर सांडलेले पाणी दुसऱ्याच्या प्राणावर बेतू शकते, हे एकदा अनुभवास आलेले आहे.

झाडे : देवस्थानाभोवतीची वनराई ही देवीचीच मानली जाते. शाकंभरीचा देह म्हणजे वनस्पतिसृष्टी, हा पुराणाचा आशय मान्य केला तर झाडाच्या बुंध्यात खिळा ठोकणे म्हणजे देवीच्या अंगावर घाव घालणे होय. कोणाचे अहित चिंतून केलेले असे कृत्य उपासनेत बसत नाही.

तिथीचा आग्रह : पौर्णिमेसच आणि तीही ठरावीक घटकेसच दर्शन झाले पाहिजे, हा आग्रह गर्दीचे मूळ कारण ठरतो. पूजेचे पंचोपचार, दशोपचार, षोडशोपचार असे प्रकार आहेत, तसेच मानसपूजाही शास्त्रमान्य आहे. रोगी, वृद्ध किंवा अशक्त व्यक्तीच्या वतीने कुटुंबातील दुसऱ्याने व्रत करावे, अशी सोय धर्मशास्त्राने ठेवली आहे. त्यामुळे पौर्णिमेस घरी पूजा करून पुढील एखाद्या कमी गर्दीच्या दिवशी दर्शनास जाणाऱ्याचा नवस अपुरा राहत नाही.

१०. यात्रेकरूंसाठी सूचना

१) लहान मुले, गरोदर महिला, हृदयविकार वा दम्याचे रुग्ण आणि अतिवृद्ध यांनी मुख्य दिवशी गर्दीत जाणे टाळावे.

२) मुलांच्या खिशात त्यांचे नाव, पालकांचे नाव व भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाल्यास एकत्र येण्याचे ठिकाण गाडीतून उतरतानाच ठरवावे.

३) पौषात डोंगरावर रात्री कडाक्याची थंडी असते. गरम कपडे, पिण्याचे पाणी व नेहमीची औषधे बरोबर घ्यावीत.

४) रांग सोडून मध्ये घुसू नये, उतरणाऱ्यांच्या वाटेने चढू नये. पादत्राण वा वस्तू खाली पडल्यास गर्दीत वाकू नये.

५) रेटारेटी सुरू झाल्यास दोन्ही हात छातीसमोर धरून श्वासास जागा ठेवावी, प्रवाहाविरुद्ध जोर न लावता हळूहळू तिरके सरकत कडेस यावे. कोणी पडल्यास मागच्यांना मोठ्याने थांबवून त्यास उठवावे.

६) वाटेवर तेल, नारळाचे पाणी, केळीच्या साली सांडू नयेत. स्टोव्ह, गॅसची टाकी, फटाके बरोबर आणू नयेत. मुक्कामी चूल पेटविल्यास ती पूर्ण विझवावी.

७) घाटरस्त्यात वाहन ठरवून दिलेल्या तळावरच उभे करावे. रात्रीचा जागर करून लगेच वाहन चालवू नये.

८) अडचणीच्या वेळी पोलीस मदतीसाठी ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकांवर संपर्क साधावा. स्वयंसेवक व पोलीस यांच्या सूचना तत्काळ पाळाव्यात.

समारोप

भाविक यात्रेस निघतो तेव्हा घरची माणसे त्यास 'सांभाळून जा' असे म्हणतात आणि परतल्यावर त्याच्या पाया पडतात. सुखरूप परत येणे हा यात्रेचाच भाग आहे, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. सन २००५ च्या पौर्णिमेस ज्या घरांतील माणसे परतली नाहीत, त्या घरांत हा दिवस आजही वेगळ्या अर्थाने पाळला जातो. त्यांचे स्मरण ठेवून प्रत्येकाने पुढच्या माणसास वाट द्यावी, पडणाऱ्यास हात द्यावा आणि भुकेल्यास घास द्यावा. शाकंभरीच्या कथेतून घ्यावयाचा बोध हाच आहे व तिची सर्वांत सोपी पूजाही हीच आहे.

सर्व भाविकांच्या घरी अन्नपाणी विपुल असो, सर्वांची यात्रा निर्विघ्न पार पडो, हीच श्री जगदंबेच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥